लिनक्समध्ये बूट पार्टिशन कायम माउंट ठेवायचं का? सोप्या भाषेत समजून घ्या

जुन्या लॅपटॉपवर विंडोज रडायला लागलं की आपल्यापैकी बरेच जण त्यावर लिनक्स टाकतात. इन्स्टॉल करताना किंवा नंतर डिस्क बघताना एक छोटंसं पार्टिशन दिसतं, त्याचं नाव 'बूट'. मग कुठल्यातरी व्हिडिओत कोणीतरी सांगतं, "हे पार्टिशन माउंट ठेवू नका, धोका असतो." दुसरा सांगतो, "अजिबात काढू नका, लॅपटॉप सुरू होणार नाही." खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कुठलं अर्धं, ते आज बघू. विषय छोटा वाटतो, पण यात गडबड झाली तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे लॅपटॉप अर्धवट सुरू होतो आणि वायफायसुद्धा चालत नाही. दुसरी जास्त वाईट. सगळं नीट चाललंय असं वाटतं, पण सिक्युरिटी अपडेट महिनोन्महिने लागूच होत नाहीत.

एक सूचना आधीच देते. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

माउंट म्हणजे नेमकं काय?

फोनमध्ये मेमरी कार्ड घातलेलं असेल तर सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये 'अनमाउंट' किंवा 'इजेक्ट' असा पर्याय तुम्ही बघितला असेल. तो दाबला की कार्ड फोनमध्येच असतं, त्यातला डेटाही तसाच असतो, पण फोनला तो दिसत नाही. माउंट-अनमाउंट म्हणजे एवढंच. डेटा पुसला जात नाही, फक्त रस्ता जोडला किंवा तोडला जातो.

विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असे वेगळे कप्पे दिसतात. लिनक्समध्ये सगळं एकाच झाडाला लटकलेलं असतं. झाडाचं मूळ म्हणजे '/', ज्याला रूट म्हणतात. कुठलंही पार्टिशन या झाडावरच्या एखाद्या फोल्डरला जोडायचं म्हणजे माउंट करायचं. बूट पार्टिशन '/बूट' या फोल्डरला जोडलं जातं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ हिच्यावरच होतो. पार्टिशन जोडलेलं नसलं तरी '/बूट' नावाचं फोल्डर तिथे असतंच. ते मुख्य पार्टिशनवरचं एक साधं, रिकामं फोल्डर असतं. त्यात कोणी फाइल ठेवली तर लिनक्स तक्रार करत नाही, निमूटपणे ठेवून घेतं.

या पार्टिशनमध्ये असतं काय?

मुख्यतः तीन गोष्टी:

- कर्नल. लिनक्सचा गाभा. फाइलचं नाव बहुतेक ठिकाणी 'व्हीएमलिनुझ' असं सुरू होतं आणि आकार साधारण १० ते १५ एमबी असतो.
- इनिटरॅमएफएस. मुख्य डिस्क उघडण्यासाठी लागणाऱ्या ड्रायव्हर्सची छोटी पिशवी. ही कर्नलपेक्षा मोठी असते.
- बूटलोडरच्या फाइली. बऱ्याच डिस्ट्रोमध्ये हा बूटलोडर म्हणजे ग्रब. लॅपटॉप चालू करताना जो मेनू येतो तो याचाच.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते बघू. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, जागं होतं. ते ईएफआय पार्टिशनमधून ग्रबला उचलतं. ग्रब बूट पार्टिशनमधून कर्नल आणि इनिटरॅमएफएस वाचतो आणि दोन्ही रॅममध्ये टाकतो. मग कर्नल कामाला लागतं, मुख्य पार्टिशन उघडतं, आणि सगळ्यात शेवटी सिस्टमडी '/ईटीसी/एफएसटॅब' ही यादी वाचून बाकीची पार्टिशन्स माउंट करतं. बूट पार्टिशनचा नंबर या यादीत लागतो.

म्हणजे गंमत बघा. बूट पार्टिशन माउंट होतं तेव्हा त्याचं बूट करायचं काम संपलेलं असतं! ग्रबने ते वाचलं तेव्हा लिनक्स सुरूही झालं नव्हतं. ग्रब स्वतःच्या ताकदीवर डिस्क वाचतो, त्याला माउंटची गरज नसते.

बाइकच्या किकसारखं समजा. किक मारली, इंजिन सुरू झालं, की आपण किक आत दुमडून टाकतो. गाडी चालताना ती बाहेर असायची गरज नाही. कर्नल रॅममध्ये आहे. वायफाय, ब्लूटूथ वगैरेसाठी लागणारी कर्नल मॉड्यूल्स '/लिब/मॉड्यूल्स' मध्ये असतात, '/बूट' मध्ये नाही. म्हणून चालू लॅपटॉपवर बूट पार्टिशन अनमाउंट केलं तर लगेच काहीच बिघडत नाही. गाणं चालू राहील, ब्राउझर चालू राहील.

"काढू नका, लॅपटॉप सुरू होणार नाही" म्हणणाऱ्याचं इथे चुकतं. पार्टिशन डिलीट करणं वेगळं आणि अनमाउंट करणं वेगळं.

मग वेगळं पार्टिशन ठेवलंच कशाला?

जुन्या काळी बायोसला डिस्कचे पहिले १०२४ सिलिंडरच वाचता यायचे. डिस्कच्या रचनेनुसार ही हद्द सुमारे ५२८ एमबी किंवा ८.४ जीबीवर संपायची. कर्नल त्यापुढे गेलं तर मशीन सुरूच व्हायचं नाही. म्हणून डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटं पार्टिशन करून कर्नल तिथे ठेवायची पद्धत पडली.

ती मर्यादा कधीच गेली. आज कारण वेगळं आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड विचारायलाही आधी काहीतरी सुरू व्हावं लागतं. तेवढा एक उघडा भाग लागतो, तो म्हणजे बूट पार्टिशन. मुख्य पार्टिशनची फाइल सिस्टम बूटलोडरला नीट वाचता येत नसेल तरी वेगळं पार्टिशन लागतं.

तुमच्याकडे ते आहे का? फेडोरात नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये वेगळं बूट पार्टिशन मिळतं. उबुंटूत एन्क्रिप्शन न निवडता साधं इन्स्टॉल केलं तर सहसा नसतं. तिथे '/बूट' हे मुख्य पार्टिशनवरचंच फोल्डर असतं आणि फक्त ईएफआय पार्टिशन '/बूट/ईएफआय' ला जोडलेलं असतं. 'एलएसबीएलके' कमांड चालवा. शेवटच्या रकान्यात '/बूट' दिसलं तर वेगळं पार्टिशन आहे आणि ते माउंटही आहे. नाही दिसलं, तर एफएसटॅबमध्ये '/बूट' ची ओळ आहे का बघा. तिथेही नसेल तर बहुधा तुमच्याकडे वेगळं पार्टिशनच नाही, आणि हा प्रश्न तुमच्यासाठी फक्त ईएफआय पार्टिशनपुरता उरतो.

अनमाउंट ठेवायचा सल्ला आला कुठून?

जेंटू नावाची एक डिस्ट्रो आहे, ज्यात वापरणारा कर्नलसुद्धा स्वतः कंपाइल करतो. तिच्या मार्गदर्शिकेतल्या एफएसटॅबच्या नमुन्यात वर्षानुवर्षं '/बूट' पुढे 'नोऑटो' लिहिलेलं असायचं. नोऑटो म्हणजे सुरू होताना आपोआप माउंट करू नकोस, मी सांगेन तेव्हा कर.

यामागचा विचार चुकीचा नव्हता:

- जे जोडलेलंच नाही ते चुकून पुसलं जात नाही. सुडो लावून भलत्या फोल्डरवर डिलीट मारलं तरी कर्नल वाचतं.
- अचानक लाइट गेली तर माउंट नसलेल्या पार्टिशनला काही होत नाही. बॅटरी मेलेला, चार्जरवरच चालणारा जुना लॅपटॉप असेल तर हे कळेल. ईएफआय पार्टिशन फॅट प्रकारचं असतं, आणि फॅटमध्ये ईएक्सटी४ सारखी जर्नलची सोय नसते. अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायला तिथे काही नाही.

पण दोन्ही मुद्द्यांना मर्यादा आहेत. धोका असतो तो लिहिताना. रोजच्या वापरात बूट पार्टिशनवर जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही. नुसतं माउंट असताना लाइट गेली तर पुढच्या वेळी 'व्हॉल्यूम नीट अनमाउंट झालं नव्हतं' असा इशारा लॉगमध्ये दिसतो, पण फाइली बहुतेक वेळा शाबूत असतात.

आणि काही जण म्हणतात तसं हॅकरपासून संरक्षण? ते नाही मिळत. ज्याच्या हातात रूटचा अधिकार आला, तो एका कमांडमध्ये पार्टिशन माउंट करेल. ज्याच्या हातात लॅपटॉपच आला, तो पेन ड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करून ते उघडेल. आयएसओ लिहिताना 'डीडी' कमांडला चुकीची डिस्क दिलीत तर माउंट असो-नसो, सगळं जाणार. दाराला पडदा लावला म्हणून कुलूप लागत नाही.

खरा घोळ अपडेटच्या दिवशी होतो

समजा तुम्ही नोऑटो लिहिलंत आणि विसरलात. दोन महिन्यांनी नवीन कर्नल आलं. पॅकेज मॅनेजरने ते '/बूट' मध्ये ठेवलं. पण पार्टिशन जोडलेलंच नव्हतं! मग नवीन कर्नल गेलं कुठे? त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, मुख्य पार्टिशनवर. कुठलाही एरर आला नाही. अपडेट यशस्वी.

रीस्टार्ट केल्यावर ग्रब खऱ्या बूट पार्टिशनमध्ये बघतो. तिथे जुनंच कर्नल. तेच सुरू होतं. इथून पुढे डिस्ट्रोनुसार दोन वाटा फुटतात.

पहिली वाट: डेबियन, उबुंटू, मिंट यांच्यात नव्या कर्नलसोबत जुनं कर्नल आणि त्याची मॉड्यूल्सही काही काळ ठेवली जातात. त्यामुळे जुनं कर्नल मजेत चालतं. तुम्हाला काहीच कळत नाही. ज्या त्रुटी बंद करायला अपडेट आलं होतं, त्या तशाच उघड्या राहतात. तुम्ही मात्र "मी तर दर आठवड्याला अपडेट करतो" म्हणत निश्चिंत.

दुसरी वाट: आर्चसारख्या डिस्ट्रोमध्ये नवं कर्नल आलं की जुन्याची मॉड्यूल्स काढून टाकली जातात. मग जुनं कर्नल सुरू होतं, आपली मॉड्यूल्स शोधतं आणि ती मिळत नाहीत. वायफाय गायब, कधी यूएसबी माऊसही गायब. दुरुस्तीसाठी बूट पार्टिशन माउंट करायला जावं तर फॅट वाचायचं मॉड्यूलही गेलेलं, म्हणून 'अनोळखी फाइल सिस्टम' असा एरर. ज्या चावीने कपाट उघडायचं, ती चावी कपाटातच.

माझ्या मामेभावाच्या लॅपटॉपवर अगदी हेच झालं होतं. प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला, "ताई, वायफायचं चिन्हच दिसत नाहीये, कार्ड जळलं वाटतं." तो नवीन वायफाय कार्ड मागवायच्या बेतात होता. मी त्याला 'युनेम -आर' चालवायला सांगितलं. ही कमांड आत्ता कुठलं कर्नल चालू आहे ते सांगते. मग '/लिब/मॉड्यूल्स' मध्ये कुठल्या आकड्याचं फोल्डर आहे ते विचारलं. दोन आकडे जुळत नव्हते. एका व्हिडिओत बघून त्याने नोऑटो टाकलं होतं. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करून अर्ध्या तासात काम झालं. कार्डाचे पैसे वाचले, सबमिशनही झालं.

जेंटूत या घोळावर उपाय आहे. तिथे '/बूट' मध्ये लिहिणाऱ्या पॅकेजेससाठी पार्टिशन माउंट आहे का हे तपासायची सोय केलेली आहे. म्हणून तो सल्ला तिथे चालतो. तोच उचलून दुसऱ्या डिस्ट्रोत टाकला की फसतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ग्रब काही नोंदी 'ग्रबएन्व्ह' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो आणि ती '/बूट' मध्येच असते. उबुंटूत मागचं बूट नीट झालं का याची खूण तिथे असते, आणि सिस्टम यशस्वीपणे सुरू झाली की ती पुसली जाते. पार्टिशन माउंट नसेल तर खूण पुसायला कोणी पोचतच नाही. मग दर वेळी ग्रबचा मेनू समोर येऊन थांबून राहतो आणि आपण विचार करतो, लॅपटॉप इतका हळू का झाला?

फोनमध्ये कसं असतं?

अँड्रॉइडच्या आतही लिनक्स कर्नलच आहे आणि तिथेही बूट पार्टिशन असतं. पण ते माउंट करायचा प्रश्नच येत नाही, कारण त्यात फोल्डर-फाइली नसतात. कर्नल आणि रॅमडिस्क मिळून एक अख्खी इमेज सरळ पार्टिशनवर लिहिलेली असते. बूटलोडर ती उचलतो, सही तपासतो आणि चालवतो.

मग अपडेट कसं होतं? २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ पासून ए/बी पद्धत आली. या पद्धतीच्या फोनमध्ये बूट पार्टिशनच्या दोन प्रती असतात. तुम्ही 'ए' वर रील्स बघत असताना अपडेट 'बी' वर लिहिलं जातं, आणि रीस्टार्टला फोन 'बी' वर जातो. 'बी' सुरू झालं नाही तर परत 'ए'. म्हणजे चालू असलेल्या कर्नलच्या प्रतीला कोणी हातच लावत नाही. लॅपटॉपवरच्या साध्या लिनक्समध्ये ही चैन सहसा नसते. तिथे ग्रबच्या मेनूत ठेवलेलं जुनं कर्नल हाच आपला 'ए'. म्हणून सगळी जुनी कर्नल्स कधीच उडवू नका, एक तरी ठेवा.

मधला मार्ग: लागेल तेव्हाच माउंट

सिस्टमडीमध्ये ऑटोमाउंट नावाची सोय आहे. एफएसटॅबमध्ये '/बूट' च्या ओळीत 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हा पर्याय लिहिला की पार्टिशन सुरुवातीला जोडलं जात नाही. पण कोणीही '/बूट' उघडायला गेलं, मग ते तुम्ही असा की पॅकेज मॅनेजर, की त्याच क्षणी ते आपोआप माउंट होतं. सोबत 'एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट' देऊन वेळ ठरवली, तर तेवढा वेळ वापर नसल्यावर परत अनमाउंट होतं.

म्हणजे लाइट जाण्याचा धोका कमी, आणि अपडेट चुकीच्या जागी जायची भीतीही नाही. स्वतः एफएसटॅब लिहिणाऱ्यांसाठी मला हा पर्याय नोऑटोपेक्षा कितीतरी बरा वाटतो. मी माझ्या घरच्या लॅपटॉपवर हाच ठेवते.

मग मी काय करू?

- उबुंटू, मिंट, फेडोरा: इन्स्टॉलरने जसं ठेवलंय तसंच ठेवा, म्हणजे माउंट. यांचे अपडेट '/बूट' जोडलेलं आहे असं धरूनच चालतात. उबुंटू तर सिक्युरिटी अपडेट मागच्या मागे आपोआप टाकतं, तेव्हा तुम्ही हाताने माउंट करायला तिथे नसता.
- आर्च किंवा तत्सम: माउंट ठेवा, नाहीतर ऑटोमाउंट. नुसतं नोऑटो नको.
- जेंटू किंवा स्वतः कर्नल बांधणारे: नोऑटो चालेल, पण दर अपडेटआधी माउंट करायची शिस्त हवी.

माउंट ठेवताना दोन काळज्या घ्या. एक, '/बूट' फॅट प्रकारचं असेल तर त्यात लिनक्सच्या परवानग्या साठवता येत नाहीत, म्हणून एफएसटॅबमध्ये 'युमास्क=००७७' द्या. मग रूटशिवाय कोणालाही आत बघता येत नाही. दोन, 'डीएफ -एच' चालवून अधूनमधून जागा बघा. विंडोजसोबत ड्युअल बूट असेल तर जास्तच, कारण विंडोजने बनवलेलं ईएफआय पार्टिशन बऱ्याचदा १०० एमबीचं असतं. कर्नल त्यातच ठेवायचा बेत असेल तर ते पटकन भरतं. भरलं म्हणून फाइली हाताने उडवू नका. उबुंटू-मिंटमध्ये 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' वापरा, ते कामाचं कर्नल सोडून जुनी काढतं.

एफएसटॅब बदलणार असाल तर आधी त्याची कॉपी ठेवा. बदलल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, ते चुका दाखवतं. या फाइलमध्ये चुकीचं पार्टिशन लिहिलं गेलं तर सिस्टमडी दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं.

आधीच घोळ झालाय असं वाटत असेल तर

१. रीस्टार्ट करू नका. 'फाइंडएमएनटी /बूट' चालवा. काहीच उत्तर आलं नाही तर पार्टिशन माउंट नाही.

२. एफएसटॅबमध्ये '/बूट' ची ओळ आहे आणि तरीही '/बूट' फोल्डरमध्ये कर्नलच्या फाइली दिसतायत? त्या चुकीच्या जागी पडलेल्या आहेत. त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. तशाच ठेवून वर पार्टिशन माउंट केलंत तर त्या झाकल्या जातील आणि आतून जागा खात राहतील.

३. 'सुडो माउंट /बूट' करा, कर्नलचं पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा आणि ग्रब अपडेट करा.

४. आता रीस्टार्ट करा आणि 'युनेम -आर' ने नवा आकडा आला का बघा. आला की मगच हलवून ठेवलेल्या फाइली उडवा.

आधीच रीस्टार्ट झालं असेल आणि वायफाय-यूएसबी गेलं असेल तर घाबरू नका, तुमचा डेटा जागेवर आहे. ग्रबच्या मेनूत दुसरं कर्नल दिसतंय का बघा. नसेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालू करून मुख्य पार्टिशन आणि त्याच्या आत बूट पार्टिशन माउंट करा, सीएचरूटने आत शिरा आणि तिसरी पायरी तिथून करा.

आणि तुमचं सगळं सुरळीत चालू असेल तरी आज एकदा तपासून बघाच. 'युनेम -आर' चा आकडा आणि '/लिब/मॉड्यूल्स' मधलं सगळ्यात नवीन फोल्डर जुळतंय का? अपडेटनंतर रीस्टार्ट करूनही जुळत नसेल, तर तुमचं पुढचं प्रत्येक कर्नल अपडेट कुठे जातंय ते आता तुम्हाला माहीत आहे.